उसाच्या रानातील बिबट्या आणि संघर्षाचे व्यवस्थापन

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके मिळून वनखात्याचा जुन्नर वनविभाग होतो, आणि माणूस व बिबट्या यांच्यातील संघर्षाची महाराष्ट्रात जेवढी चर्चा या प्रदेशाच्या निमित्ताने झाली तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणत्या प्रदेशाच्या निमित्ताने झाली असेल. ‘मानव-वन्यजीव संघर्ष’ ही संज्ञा आता वर्तमानपत्रांमुळे सर्वांच्या परिचयाची झाली असली, तरी तिच्या पोटात अनेक गोष्टी येतात: माणसांवरील हल्ले, शेळ्या-मेंढ्या व वासरांची हानी, पिकांची नासाडी, आणि दुसऱ्या बाजूने पाहता विहिरीत पडून, वाहनाखाली सापडून किंवा पिंजऱ्यात जेरबंद होऊन संपणारे प्राण्यांचे आयुष्य. या सर्व हानीचे प्रमाण कमी करणे, जी हानी टळत नाही तिची भरपाई वेळेवर करणे आणि हे करताना दोन्ही बाजूंचा तोल सांभाळणे, याला संघर्षाचे व्यवस्थापन म्हणतात. संघर्ष कायमचा मिटवणे असा या शब्दाचा अर्थ नाही, कारण जेथे माणूस आणि मोठा शिकारी प्राणी एकाच भूमीवर राहतात, तेथे संघर्षाची शक्यता शून्यावर आणता येत नाही.

या विषयावरील सार्वजनिक चर्चेचा पाया मात्र बहुधा एका गृहीतकावर उभा असतो. जंगल हे वन्यप्राण्यांचे आणि गाव हे माणसांचे, त्यामुळे गावात दिसलेला बिबट्या हा वाट चुकलेला किंवा भुकेने बाहेर पडलेला प्राणी असून त्याला पकडून जंगलात नेऊन सोडले की प्रश्न सुटला, असे हे गृहीतक आहे. जुन्नर आणि त्याला लागून असलेल्या अकोले, संगमनेर या तालुक्यांतील अनुभवाने ते खोटे ठरवले असून, त्यावर आधारलेला उपाय रोगापेक्षा जालीम ठरू शकतो हेही दाखवून दिले आहे.

ऊस आणि पाणी

जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग आहे आणि तेथून कुकडी, मीना, पुष्पावती, घोड या नद्या पूर्वेकडे उतरतात. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे या पाच धरणांमुळे आणि त्यांच्या कालव्यांमुळे पूर्वेकडील कोरडवाहू जमिनीचा मोठा भाग बागायती झाला, साखर कारखाने उभे राहिले आणि ज्या शिवारात पूर्वी बाजरी, हुलगा यांसारखी कमी उंचीची व हंगामी पिके होती, तेथे माणसाच्या उंचीहून वर जाणारा ऊस वर्षभर उभा राहू लागला. आडसाली उसाची लागण पावसाळ्यात होते आणि तो साधारण दीड वर्ष शेतात राहतो. सुरू उसाची लागण हिवाळ्याच्या शेवटी होते आणि तो वर्षभराने तुटतो. त्यानंतर त्याच बुडख्यांतून फुटणारा खोडवा असतो. लागणीच्या तारखा वेगवेगळ्या असल्यामुळे एका शेतातील ऊस तुटला तरी शेजारच्या शेतातील ऊस उभाच असतो, त्यामुळे आडोसा पूर्णपणे कधीच नाहीसा होत नाही.

प्राणिशास्त्रात ‘अधिवास’ म्हणजे प्राण्याला अन्न, पाणी, लपण्याची जागा आणि पिले वाढवण्यासाठी सुरक्षितता जेथे मिळते ते स्थान. या व्याख्येत झाडांची अट नाही. बिबट्याच्या दृष्टीने उसाच्या शेतात सावली आहे, सऱ्यांत ओलावा आहे, दिवसा तेथे माणसाचा फारसा वावर नाही आणि शेताबाहेर पाऊल टाकताच वाड्या-वस्त्यांवरील कुत्री, शेळ्या, कोंबड्या आणि उकिरड्यावर येणारी डुकरे आहेत. मादीचा गर्भकाळ सुमारे तीन महिन्यांचा असतो, एका वेतात बहुधा दोन ते तीन पिले होतात आणि ती दीड ते दोन वर्षे आईबरोबर राहतात. उसात जन्मलेल्या, उसातच शिकार शिकलेल्या आणि उसातच स्वतःचे क्षेत्र शोधणाऱ्या बिबट्यांच्या अनेक पिढ्या आता या भागात झाल्या असून, अशा प्राण्याला ‘जंगलात परत पाठवणे’ या शब्दांना काही अर्थ उरत नाही, कारण तो जंगलातून आलेलाच नसतो.

अकोल्यातील गणती

वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवरा नदीच्या खोऱ्यात, अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले शहराच्या परिसरात केलेला अभ्यास या बाबतीत निर्णायक ठरला. स्वयंचलित कॅमेरे, म्हणजे समोरून प्राणी जाताच आपोआप छायाचित्र टिपणारी यंत्रे, त्यांनी पायवाटा आणि शेतांच्या बांधांवर बसवली. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे वेगळी असल्याने छायाचित्रांवरून एकेक प्राणी ओळखता येतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, जेथे दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहतात आणि म्हणण्यासारखे जंगल नाही, अशा या शेतीप्रदेशात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि जवळजवळ तेवढेच तरस राहत होते. हे प्राणी येथून जाता जाता दिसलेले पाहुणे नव्हते. माद्या पिलांसह होत्या, म्हणजे ते येथील रहिवासीच होते. त्याहून महत्त्वाची बाब अशी, की बिबट्यांची एवढी वस्ती असूनही या परिसरात माणसांवरील जीवघेण्या हल्ल्यांची परंपरा नव्हती. बिबट्यांची संख्या आणि हल्ल्यांची संख्या यांचे सरळ गणित नाही, हा या अभ्यासाचा पहिला धडा होय.

दुसरा धडा आहाराविषयीचा. त्याच परिसरात गोळा केलेल्या विष्ठेच्या विश्लेषणातून, म्हणजे तीत सापडलेल्या केसांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून, बिबट्याच्या खाद्यात पाळीव व गावातील प्राण्यांचा वाटा वजनाच्या हिशेबाने सुमारे ८७ टक्के असल्याचे आढळले. त्यातही एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के होता, तर शेळीचा केवळ ११ टक्के. गावात शेळ्यांची संख्या कुत्र्यांहून कितीतरी जास्त असताना असे घडते, याचे कारण उघड आहे: शेळी दिवसा गुराख्याच्या नजरेखाली आणि रात्री गोठ्यात असते, कुत्रे मात्र रात्रभर मोकळे असते. शेतकऱ्याच्या राखणीचा परिणाम या आकड्यांत स्पष्ट दिसतो, आणि राखण आणखी चांगली झाली तर पशुहानी आणखी घटू शकते, असा त्याचा व्यावहारिक अर्थ आहे.

राष्ट्रीय पातळीवरील २०२२ च्या अंदाजात महाराष्ट्रातील बिबट्यांची संख्या १,९८५ इतकी धरली गेली. परंतु ही मोजणी मुख्यतः वाघांच्या अधिवासाशी जोडलेल्या वनक्षेत्रांत होते, त्यामुळे उसात राहणारे बिबटे या आकड्यांच्या बाहेरच राहतात. ज्या प्राण्यांशी शेतकऱ्याचा रोजचा संबंध येतो तेच गणतीत नसणे, ही व्यवस्थापनाची मोठी उणीव आहे.

पकडा आणि सोडा: उलटलेला उपाय

२००१ ते २००३ या काळात जुन्नर परिसरात माणसांवरील हल्ल्यांनी भीषण रूप धारण केले. लोकांच्या संतापापुढे वनखात्याने जागोजागी पिंजरे लावले आणि पकडलेले बिबटे सरासरी ४० किलोमीटर अंतरावरील वनक्षेत्रांत नेऊन सोडले. याला ‘स्थानांतर’ म्हणतात. या काळातील नोंदींचा अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नंतर अभ्यास केला, तेव्हा असे दिसून आले की स्थानांतराची मोहीम सुरू होण्यापूर्वी वर्षाला सरासरी चार हल्ले होत असत, मोहिमेनंतर ती सरासरी १७ वर गेली, आणि हल्ल्यांपैकी प्राणघातक ठरणाऱ्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर पोहोचले. ज्या जंगलांच्या आसपास हे बिबटे सोडले गेले, तेथील गावांतही हल्ले होऊ लागले.

असे का घडते, हे समजण्यासाठी बिबट्याची समाजरचना ध्यानात घ्यावी लागते. प्रौढ बिबट्या स्वतःचे क्षेत्र राखतो. त्या क्षेत्रातील पाणवठे, वस्त्या, कुत्र्यांच्या सवयी आणि माणसांच्या जाण्या-येण्याच्या वेळा त्याला ठाऊक असतात, आणि माणसाला टाळून जगण्याचे त्याचे कौशल्य या माहितीवरच आधारलेले असते. असा प्राणी पिंजऱ्यात अडकतो, गर्दीचा गोंगाट सोसतो, कधी गजांवर धडका देऊन दात व पंजे जखमी करून घेतो आणि मग अनोळखी प्रदेशात सोडला जातो, जेथे आधीच दुसऱ्या बिबट्यांची क्षेत्रे असतात. तेथे तो टिकत नाही. बहुतेक वेळा परतीची वाट धरतो आणि त्या प्रवासात त्याला अनेक अनोळखी गावांमधून जावे लागते. इकडे त्याचे रिकामे झालेले क्षेत्र फार काळ रिकामे राहत नाही; क्षेत्राच्या शोधात भटकणारे तरुण बिबटे तेथे येतात, त्यांच्यात झटापटी होतात, आणि ज्या गावाने एका परिचित बिबट्याला घालवले त्या गावाच्या वाट्याला दोन अननुभवी बिबटे येतात. गाव आगीतून फुफाट्यात पडते ते असे.

सोडलेल्या जागी न टिकता दूर निघून जाण्याच्या या प्रवृत्तीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ‘आजोबा’ या नावाने ओळखल्या गेलेल्या नर बिबट्याचे आहे. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील टाकळी ढोकेश्वर येथे विहिरीत पडलेल्या या प्रौढ बिबट्याला बाहेर काढून, गळ्यात उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळवणारा पट्टा बांधून माळशेज घाटात सोडण्यात आले. त्यानंतर महिन्याभराच्या आत त्याने रेल्वेमार्ग, महामार्ग आणि दाट वस्तीचे पट्टे पार करत १२० किलोमीटरहून अधिक अंतर कापले आणि तो मुंबईलगतच्या वनक्षेत्रापर्यंत पोहोचला. या संपूर्ण प्रवासात त्याने एकाही माणसावर हल्ला केला नाही. पुढे २०११ मध्ये एका वाहनाच्या धडकेत त्याचा अंत झाला. त्याच्या प्रवासावर २०१४ मध्ये ‘आजोबा’ हा मराठी चित्रपटही आला.

या साऱ्या अनुभवाचे प्रतिबिंब केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने एप्रिल २०११ मध्ये जारी केलेल्या मार्गदर्शक सूचनांत पडले. बिबट्या केवळ दिसला म्हणून पिंजरा लावू नये, पकडणे हा शेवटचा उपाय मानावा आणि दूरवर नेऊन सोडणे टाळावे, असा त्या सूचनांचा सारांश आहे.

हल्ल्याचा घटनाक्रम

बिबट्या हा प्रामुख्याने मध्यम व लहान आकाराच्या चार पायांच्या प्राण्यांची शिकार करणारा प्राणी आहे. उभा, चालणारा, बोलणारा प्रौढ माणूस त्याच्या भक्ष्याच्या कल्पनेत सहसा बसत नाही. लहान मूल, खुरपणीसाठी वाकलेली बाई, शौचासाठी बसलेला माणूस किंवा अंधारात ओणवा होऊन काम करणारा शेतकरी यांच्याबाबतीत मात्र धोका वाढतो. त्यातून हल्ल्यांची वेळ आणि स्थळ बरेचसे आधी सांगता येते: संध्याकाळ ते पहाट हा काळ, उसाला लागून असलेले अंगण, घर आणि गोठा यांमधली अंधारी वाट, आणि ऊसतोडणीचा हंगाम.

यातील प्रत्येक बाबीमागे माणसांच्या व्यवस्थेचा काही ना काही निर्णय असतो. शेतीपंपांना थ्री-फेज वीज आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा, कधी रात्री मिळते, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकऱ्याला दारे धरण्यासाठी, म्हणजे पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवण्यासाठी, मध्यरात्री एकट्याने उसाच्या कडेने वाकून काम करावे लागते. बिबट्यांच्या भागातील शेतकऱ्यांची सर्वांत आग्रहाची मागणी पिंजऱ्यांइतकीच दिवसाच्या विजेची आहे. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना राबवली जात आहे; तिचा विचार ऊर्जेच्या हिशेबाने होतो, परंतु या तालुक्यांत ती योजना संघर्ष-व्यवस्थापनाचाही भाग ठरते.

ऊसतोडणीचे चित्र आणखी जवळून पाहण्यासारखे आहे. दिवाळीच्या सुमारास बीड आणि मराठवाड्याच्या अन्य भागांतून तसेच अहिल्यानगरच्या दुष्काळी पट्ट्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात आणि फडाजवळच चटया, पाचट व प्लॅस्टिकच्या कागदाच्या कोप्या घालून राहतात. या कोप्यांना दार नसते, आसपास दिवा नसतो, आई-बाप पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन फडात उतरतात आणि लहान मुले कोपीत किंवा बांधावर असतात. तोडणी जसजशी पुढे सरकते तसतसा उसाचा पट्टा आक्रसत जातो, आणि शेवटच्या काही सऱ्यांत बिबट्याची पिले सापडतात. अशा वेळी काम थांबवून वनखात्याला कळवणे, पिलांची पशुवैद्यकीय तपासणी करून घेणे आणि दिवस मावळताना ती पिले एका क्रेटमध्ये ठेवून, जेथे सापडली त्याच जागी ठेवणे, ही पद्धत जुन्नर परिसरात वनखाते आणि वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेच्या पशुवैद्यांनी अनेकदा यशस्वीपणे वापरली आहे. पिलांच्या वासाने मादी अंधार पडल्यावर येते, क्रेट कलंडवते आणि एकेक पिलू तोंडात धरून नेते. तीच पिले कुणी घरी नेली किंवा दूरच्या केंद्रात हलवली, तर बिथरलेली मादी त्याच शिवारात घिरट्या घालत राहते आणि धोका कितीतरी वाढतो.

गोठा, कुत्रा, विहीर आणि पंचनामा

संघर्ष कमी करणारे उपाय ऐकायला साधे असतात. ते टिकवून धरणे अवघड असते. पहिला उपाय बंदिस्त गोठ्याचा. जुन्नर भागातील अनेक गोठे पत्र्याच्या छपराचे आणि तिन्ही बाजूंनी उघडे असतात, आणि काहींना कमरेएवढी भिंत असते, जी बिबट्याला अडवण्याऐवजी आडोसाच पुरवते. चारही बाजूंनी लोखंडी जाळी, ती छपरापर्यंत भिडलेली, आणि दाराखाली फट नसणे, एवढी काळजी घेतली तर शेळ्या वाचतात. अर्धवट बंद गोठा मात्र उघड्या गोठ्यापेक्षाही घातक ठरू शकतो, कारण आत शिरलेल्या बिबट्यापुढे पळायला जागा नसलेल्या शेळ्या-मेंढ्या सैरावैरा धावतात आणि एका रात्रीत अनेक जनावरे मरतात. मेंढ्या घेऊन गावोगाव फिरणाऱ्या धनगरांचा प्रश्न याहून बिकट आहे; त्यांच्याकडे रात्री कळप कोंडायला केवळ दोरीची वाघर, म्हणजे जाळी, असते आणि माणसेही उघड्यावरच झोपतात. एका जागी राहणाऱ्या शेतकऱ्यासाठी आखलेली गोठा-योजना त्यांच्या कामाची नाही. त्यांना हलकी, घडी करून घोड्यावर लादता येईल अशी जाळी आणि सौरदिवे लागतात.

दुसरा उपाय मोकाट कुत्र्यांच्या संख्येचा. उकिरडे, कोंबड्यांच्या खुराड्यांबाहेर टाकलेली मेलेली पिले, मटणाच्या दुकानांमागील कचरा यांवर कुत्री वाढतात आणि कुत्र्यांवर बिबटे पोसले जातात. त्यामुळे ग्रामपंचायतीची कचऱ्याची व्यवस्था आणि कुत्र्यांचे निर्बीजीकरण हे प्रश्न वरकरणी आरोग्याचे असले, तरी त्यांचा दूरचा परिणाम बिबट्यांच्या घनतेवर होतो. हा बदल सावकाश व्हावा लागतो, कारण कुत्री एकाएकी नाहीशी झाली तर बिबट्याचा मोर्चा शेळ्यांकडे वळण्याची शक्यता असते.

तिसरा प्रश्न कठडा नसलेल्या विहिरींचा. रात्री कुत्र्यामागे धावणारा बिबट्या जमिनीच्या पातळीवर असलेल्या विहिरीत पडतो, पंपाच्या पाइपला किंवा कपारीला धरून तग धरतो आणि सकाळी लोकांच्या नजरेस पडतो. त्या वेळी प्रथम त्याला टेकण्यासाठी दोरांनी बाज सोडली जाते, मग पिंजरा उतरवला जातो. काम तासा-दोन तासांचे असते, परंतु विहिरीच्या काठावर जमणारी शेकडोंची गर्दी, आरडाओरडा आणि मोबाइलवर चित्रीकरण करण्याची धडपड यांमुळे ते लांबते आणि घाबरलेला प्राणी बाहेर येताच कुणाच्याही अंगावर जाऊ शकतो. म्हणूनच बचावकार्यात पहिले काम पोलिसांचे असते: गर्दी मागे हटवणे आणि प्राण्याला निसटायला एक वाट मोकळी ठेवणे.

चौथी बाब नुकसानभरपाईची. जनावर मारले गेल्यास ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवावे लागते आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागेवरून हलवता येत नाही. वनरक्षक व पशुवैद्यकीय अधिकारी यांच्या नोंदींवरून रक्कम ठरते. माणसाचा मृत्यू झाल्यास राज्य शासन कुटुंबाला २५ लाख रुपये देते. माहिती कळवण्यासाठी वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. रक्कम किती, यापेक्षा ती किती दिवसांत आणि किती खेट्यांनंतर मिळते, यावर लोकांची सहनशीलता अवलंबून असते. शेळी गेल्यानंतर दुसऱ्याच दिवशी दारात येणारा वनरक्षक लोकांच्या मनातील राग जेवढा कमी करतो, तेवढा सहा महिन्यांनी आलेला धनादेश करू शकत नाही.

मुंबईचा अनुभव

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०० चौरस किलोमीटर आहे आणि त्याला मुंबई व ठाणे या शहरांनी जवळजवळ सर्व बाजूंनी वेढले आहे. या उद्यानात बाहेरून पकडून आणलेले बिबटे सोडले जात होते त्या काळात, २००४ मध्ये, परिसरात हल्ल्यांचा कळस झाला. पुढे बिबटे सोडणे थांबले आणि २०११ मध्ये वनखाते, अभ्यासक व नागरिक यांनी मिळून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. उद्यानाच्या सीमेवरील पाड्यांत आणि सोसायट्यांत सभा घेणे, कचरा व उघड्यावरील शौचाचा प्रश्न महापालिकेपुढे मांडणे, पोलीस आणि वनकर्मचाऱ्यांचे एकत्र प्रशिक्षण, आणि पत्रकारांसाठी कार्यशाळा, असे त्याचे स्वरूप होते. ‘बिबट्याचा धुमाकूळ’, ‘बिबट्याची दहशत’ यांसारखे मथळे वाचून घाबरलेली वस्ती पिंजऱ्याची मागणी करते, लोकप्रतिनिधी ती उचलून धरतात आणि वनाधिकाऱ्याला चुकीचा निर्णय घेणे भाग पडते, ही साखळी तोडण्याचा तो प्रयत्न होता. त्यानंतरच्या काही वर्षांत हल्ले लक्षणीयरीत्या घटले. तथापि २०२१ मध्ये आरे वसाहतीत एकापाठोपाठ एक हल्ले झाले आणि त्यामागील बिबट्याला पकडावे लागले. एकदा साधलेला तोल कायम राहत नाही आणि हे काम दर पिढीला, दर नव्या वस्तीला पुन्हा करावे लागते, याची ती आठवण होती.

परंपरेचा आधार आणि त्याची मर्यादा

पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगर या जिल्ह्यांतील वारली समाजात वाघोबाची पूजा होते. वाघ आणि बिबट्या या दोघांनाही त्या दैवतात स्थान आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाघोबाच्या दीडशेहून अधिक ठाण्यांची नोंद झाली. अकोले-जुन्नरच्या डोंगराळ भागात महादेव कोळी व ठाकर समाज दिवाळीच्या आरंभी वाघबारस पाळतात आणि गुरांच्या रक्षणासाठी वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. या श्रद्धेत बिबट्याला शत्रू मानलेले नाही आणि मित्रही मानलेले नाही. तो आहे, बलवान आहे आणि त्याच्याशी काही नियमांनी राहायचे आहे, एवढीच त्यात धारणा आहे. संरक्षणाच्या चर्चेत अशा परंपरांचे कौतुक होते ते रास्तच आहे, परंतु त्यांच्या आधारावर ‘लोकांनी सहन करावे’ असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरते. पूर्वेकडील बागायती पट्ट्यात ऊस आणि बिबट्या दोन्ही अलीकडचे आहेत, आणि हंगामापुरता येणारा ऊसतोड कामगार तर त्या भूमीशी कोणत्याही परंपरेने बांधलेला नाही.

या मर्यादेचे दर्शन २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घडले. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात थोड्या दिवसांच्या अंतराने लहान मुलांसह ग्रामस्थांचे बळी गेले, संतप्त लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखला आणि अखेर एका बिबट्याला गोळी घालण्यात आली. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार बिबट्याला सर्वोच्च संरक्षण असले, तरी माणसाच्या जीविताला धोकादायक ठरलेल्या प्राण्याबाबत कलम ११ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षक असा आदेश देऊ शकतात. पकडणे किंवा बेशुद्ध करणे शक्य नाही याची खात्री झाल्यावरच ठार मारण्याचा आदेश द्यावा, अशी कायद्याची अट आहे. वारंवार माणसावर हल्ला करणारा विशिष्ट बिबट्या ओळखून त्याला कायमचे हटवणे हे व्यवस्थापनाचे कर्तव्यच आहे. अडचण येते ती ओळखण्यात, कारण पिंजऱ्यात येणारा पहिला बिबट्या हा दोषीच असतो असे नाही. पावलांचे ठसे, कॅमेऱ्यांतील ठिपक्यांची जुळणी आणि जखमांतील लाळेवरून केलेली जनुकीय तपासणी यांवर वेळ व पैसा खर्च केला नाही, तर निरपराध बिबटे पकडले जातात आणि खरा धोका मोकळा राहतो.

पकडलेल्या बिबट्यांचे पुढे काय, हा प्रश्नही तितकाच अवघड आहे. जुन्नरजवळच्या माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्रात अनेक प्राणी वर्षानुवर्षे पिंजऱ्यातच आहेत आणि अशा केंद्रांच्या क्षमतेला मर्यादा आहेत. त्यामुळे माद्यांच्या निर्बीजीकरणाचा प्रस्ताव पुढे आला आहे. जन्मदर कमी करण्याचा हा मार्ग ऐकायला सोपा असला, तरी प्रत्येक मादी पकडावी लागते, परिणाम दिसायला वर्षे लागतात, बाहेरून येणारे बिबटे थांबत नाहीत आणि आज शिवारात असलेल्या बिबट्यापासूनचा आजचा धोका त्याने कमी होत नाही. प्रयोग म्हणून त्याला स्थान आहे. गोठा, वीज आणि गस्त यांना पर्याय म्हणून नाही.

खर्च कोणाचा?

एका प्रदेशातील उपाय दुसरीकडे जसाच्या तसा लागू होत नाही, हेही लक्षात ठेवावे लागते. चंद्रपूर जिल्ह्यात वाघांचे हल्ले बहुतांशी जंगलात व जंगलाच्या कडेला, मोहफुले, तेंदूपाने किंवा सरपण गोळा करणाऱ्यांवर होतात, त्यामुळे तेथे प्रश्न गोठ्याचा नसून उपजीविकेचा आहे. सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात कर्नाटकातून येणारे हत्ती नारळ-केळीच्या बागा उद्ध्वस्त करतात, तेथे जाळी कुचकामी ठरते. प्राणी, पीक, वस्तीची रचना आणि कामाच्या वेळा पाहून प्रत्येक ठिकाणची योजना वेगळी आखावी लागते.

सर्वत्र समान असलेली गोष्ट एकच, ती म्हणजे सहजीवनाच्या खर्चाची विषम वाटणी. बिबट्या वाचल्याचे समाधान संपूर्ण समाजाला मिळते. उसापासून होणारी साखर राज्यभर जाते. परंतु रात्री दारे धरण्याचा धोका, शेळी गमावण्याचा तोटा आणि मुलाला अंगणात सोडताना वाटणारी धास्ती ही मूठभर तालुक्यांच्या, आणि त्यातही गरिबांच्या, वाट्याला येते. हा खर्च केवळ मृत्यूनंतरच्या भरपाईतून भरून काढणे म्हणजे वरातीमागून घोडे नाचवण्यासारखे आहे. दिवसाची वीज महावितरणाच्या, कोप्यांसाठी दिवे व दारे साखर कारखान्यांच्या, कचरा व विहिरींचे कठडे ग्रामपंचायतींच्या, गर्दी पोलिसांच्या आणि बंदिस्त गोठे पशुसंवर्धन खात्याच्या कामांत मोडतात. आज मात्र या सर्वांचा जाब एकट्या वनरक्षकाला द्यावा लागतो, आणि त्याच्या हाती पिंजऱ्याखेरीज दुसरे साधन नसते. ही कामे ज्याची त्याच्याकडे सोपवून, त्यांना निधी देऊन आणि तोडणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी दरवर्षी त्यांचा हिशेब मागून जुन्नर वनविभागाला पिंजऱ्यावरील आपले अवलंबन कमी करता येईल. तोवर प्रत्येक हल्ल्यानंतर तोच संताप, तोच पिंजरा आणि रिकाम्या झालेल्या क्षेत्रात येणारा नवा बिबट्या, हे चक्र चालूच राहील.